धारवाडच्या रानातील सत्तांतर

सह्याद्रीच्या आसपास ज्यांची शेतीभाती आहे अशा कोणाही जुन्या शेतकऱ्यास विचारले, तर तो सहज सांगेल की वानरांच्या टोळीवर अंमल एकाच नराचा असतो, त्याला हुप्प्या म्हणतात, आणि हा हुप्प्या टोळीतील नर पिलांना जगू देत नाही. या समजुतीतील नरमादीचा भेद तपासणीत टिकत नाही, कारण मादी पिलेही या संहारातून सुटत नाहीत. परंतु तिचा मूळ गाभा खरा आहे. तरीही ही गोष्ट प्राणिशास्त्राच्या दफ्तरी रीतसर दाखल व्हावयास विसाव्या शतकाचे सातवे दशक उजाडावे लागले आणि दाखल झाल्यावरही ती मान्य होण्यास आणखी तीन-एक दशके गेली. हा विलंब वानरे दृष्टीआड राहत होती म्हणून झालेला नाही. समाज म्हणजे काय, याविषयी विद्वानांनी मनाशी जे ठरवून ठेवले होते त्यात ती बसत नव्हती, म्हणून तो झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शेरवुड वॉशबर्न या मानवशास्त्रज्ञाच्या प्रेरणेने माकडांच्या समाजजीवनाचा प्रत्यक्ष रानात जाऊन अभ्यास करण्याची प्रथा रूढ झाली. मानवी समाजाचा उगम शोधावयाचा तर आपल्या वृक्षवासी आप्तांकडे पाहिले पाहिजे, हा त्यामागील हेतू होता. त्याची विद्यार्थिनी फिलिस जे हिने १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी या खेड्यापाशी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचे निरीक्षण केले. तिला जे दिसले ते मोठे सौम्य होते: काळसर केसांचे नवजात पिलू जन्माच्या पहिल्याच दिवशी या मादीच्या हातून त्या मादीच्या हाती जात आहे, भांडणे क्वचित आणि तीही लुटुपुटूची, आणि प्रत्येक प्राणी टोळीच्या स्थैर्यास हातभार लावीत आहे. तिच्या नोंदी खोट्या नव्हत्या, आणि माद्यांच्या या सामायिक वात्सल्याचे वर्णन आजही प्रमाण मानले जाते. मात्र त्या काळच्या समाजशास्त्रात समाज म्हणजे एकमेकांस धरून चालणारे एक शरीर अशी जी कल्पना मुरली होती, तिला कौकोरीच्या वानरांनी अनायासे दुजोरा दिला, आणि दुजोरा मिळाला की जिज्ञासा मंदावते, हा विद्वत्तेच्या सर्व प्रांतांतील अनुभव आहे.

याच सुमारास जपानमधील क्योटो विद्यापीठात किन्जी इमानिशी आणि त्यांचे शिष्य जुनइचिरो इतानी यांनी निराळीच परिपाठी घातली होती. १९४८ पासून ते आपल्या देशातील माकडांच्या टोळ्यांमागे हिंडत होते. टोळीतील प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखावा, त्यास नाव द्यावे, त्याची आई कोण, बहीण कोण, याची वंशावळ ठेवावी आणि वर्षानुवर्षे तीच टोळी पाहत राहावी, अशी त्यांची पद्धत होती. पशूंना नावे देणे पाश्चात्त्य पंडितांस तेव्हा पोरकटपणाचे वाटे. परंतु ज्या खात्यात माणसांची नावेच नाहीत त्या खात्यावरून कोण कोणाचे देणे लागतो हे जसे कळत नाही, तसेच अनोळखी पशूंच्या गर्दीकडे पाहून त्यांचे परस्परसंबंध कळत नाहीत, एवढी साधी गोष्ट या जपानी अभ्यासकांनी ओळखली होती.

याच परंपरेतील तरुण संशोधक युकिमारू सुगियामा १९६१ साली धारवाडास आले. पेढ्यांसाठी आणि गवयांसाठी मराठी माणसास परिचित असलेला हा मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. त्याच्या आसपासच्या शुष्क पानझडी रानात वानरांची वस्ती दाट होती, आणि कौकोरीस एका टोळीत अनेक नर नांदत, तर येथील बहुतेक टोळ्यांत एकच प्रौढ नर, त्याच्याभोवती माद्यांचा व पिलांचा परिवार, आणि हद्दीवरून घिरट्या घालणारे बेवारस नरांचे जथे असा प्रकार होता. १९६२ साली अशा एका जथ्याने एका टोळीवर हल्ला चढविला; जुना नर परागंदा झाला; मग जथ्यातील एकाने आपल्याच साथीदारांना हुसकावून लावून टोळीची मालकी आपणाकडे घेतली, आणि त्यानंतर थोड्याच अवधीत टोळीतील अंगावर पिणारी पिले एकामागून एक चाव्यांनी जखमी होऊन नाहीशी झाली. ज्या मातांची पिले गेली त्याच माता पुढे नव्या नराशी रत झाल्या. सुगियामांनी ही सारी कैफियत तपशीलवार टिपली. पुढे त्यांनी एका टोळीतील एकुलता नर मुद्दाम बाजूस काढला, तेव्हा शेजारच्या नराने येऊन तीच हत्या केली. जिज्ञासेपोटी हे धाडस करावे की नाही, याबद्दल आज कोणीही दोनदा विचार करील. परंतु त्यामुळे पहिली घटना अपघात नव्हती हे सिद्ध झाले.

१९६५ व १९६६ साली याविषयीचे त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, आणि विद्वत्सभेने त्यांची उपेक्षा केली. जोधपूरचे प्राध्यापक एस. एम. मोहनोत यांनी राजस्थानातील वानरांत हाच प्रकार पाहून १९७१ मध्ये तो छापला, तरी उपेक्षा पुरतेपणी सरली नाही. जी दखल घेतली गेली ती विकृतीची म्हणून. १९६२ मध्येच जॉन कॅलहून याने कोंडलेल्या उंदरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध करून असे दाखविले होते की गर्दी वाढली की समाजव्यवस्था कोसळते आणि माता पिलांकडे पाठ फिरवितात. त्यामुळे धारवाडच्या दाट वस्तीतील हत्या ही गर्दीची बाधा होय, असा निकाल परस्पर लागला. प्राणी आपल्या जातीच्या हितासाठी वागतात हे गृहीत तेव्हा हवेतच होते, आणि पिले मारणे जातीच्या हिताचे कसे ठरणार?

हाच गर्दीचा सिद्धांत पडताळण्याच्या उद्देशाने हार्वर्डची विद्यार्थिनी सारा ब्लॅफर हर्डी १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर आली. नक्की तलावाच्या परिसरातील वानरटोळ्या तिने अनेक हंगाम पाहिल्या आणि तिचा सिद्धांत तिच्या हातूनच मोडला. हत्येचा संबंध दाटीशी जुळेना. तो जुळे परक्या नराच्या आगमनाशी. तिने हिशेब मांडला तो असा: अबूस एका नराचा अंमल सरासरीने दोन वर्षांहून थोडाच अधिक टिकतो, अंगावर पिलू असलेली मादी लवकर माजावर येत नाही, गर्भाची मुदत दोनशे दिवसांच्या आसपास असते, तेव्हा पूर्वाधिकाऱ्याची पिले मोठी होईपर्यंत जो थांबेल त्याची वहिवाट आपली पिले सुरक्षित होण्यापूर्वीच संपेल. येथे जातीचे हित कोठेच नाही. आहे तो एकेका नराच्या वंशाचा स्वार्थ. १९७७ साली तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी एडवर्ड विल्सन यांच्या समाजजीवशास्त्रावरील ग्रंथाने अमेरिकेत वादळ उठविलेले असल्यामुळे अबूची वानरेही त्या वादात ओढली गेली.

माझ्या मते हर्डीचे खरे श्रेय नरांविषयीच्या या हिशेबात नसून माद्यांविषयीच्या तिच्या निरीक्षणात आहे. तोवरच्या लिखाणात मादी ही टोळीची मालमत्ता होती. हर्डीने दाखविले की गर्भार असतानाही काही माद्या नव्या नराशी रत होतात आणि पितृत्वाचा प्रश्न धूसर करून टाकतात. आणि सोल नावाची एक म्हातारी मादी, जिचे स्वतःचे जननकार्य संपलेले होते, ती आक्रमक नरावर धावून जाऊन दुसऱ्या मादीचे पिलू वाचवू पाहते. फिलिस जे हिने पाहिलेले वात्सल्य आणि सुगियामांनी पाहिलेले क्रौर्य ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, हे अबूवर प्रथम स्पष्ट झाले.

विरोध मात्र शमला नाही, आणि तो करणाऱ्यांत स्वतः फिलिस जे, आता डॉल्हिनो, अग्रभागी होत्या. माणसांच्या चाऱ्यावर पोसलेली, देवळांत व बाजारांत वावरणारी ही वानरे प्राकृतिक म्हणता येतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. तो क्षुल्लक नव्हता. हत्या प्रत्यक्ष पाहिल्याचे प्रसंग थोडे, अनुमानाचे अधिक, ही उणीव खरीच होती. दरम्यान सेरेंगेटीच्या सिंहांत हाच प्रकार आढळला, त्यामुळे वानरे एकटी पडली नाहीत.

मराठीत या विषयास शास्त्राच्या आधी साहित्याने जागा दिली. रानावनांत वर्षानुवर्षे हिंडलेल्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लघुकादंबरी वानरांच्या टोळ्यांवर आहे, आणि तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुष्कळ वाचकांनी ती राजकारणाचे रूपक म्हणून वाचली. वानरांची म्हणून ती वाचणारे थोडे, आणि हा मला त्या पुस्तकावरील अन्याय वाटतो.

वादाचा निकाल अखेर नेपाळच्या दक्षिण भागातील रामनगर येथे लागला. तेथील वानरे बाजारात पोसलेली नव्हती. कॅरोला बोरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतून मिळालेल्या डीएनएच्या आधारे पितृत्वाची तपासणी केली, आणि १९९९ मध्ये असे जाहीर केले की पिलांवर हल्ला करणाऱ्या नरांपैकी एकही त्या पिलांचा पिता नव्हता. धारवाडच्या नोंदींना तोवर सदतीस वर्षे झाली होती.