दारूच्या दुकानातली बिनदारूची बंदूक

मराठीत 'दारू' हा शब्द दोन कामे करतो. तोफेत ठासायची तीही दारू आणि गुत्त्यात प्यायची तीही दारूच. या दोन्ही दारू एका खोलीत आल्या तर काय होईल, हे सांगायला जाणकार लागत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या पबांमध्ये बंदुका आल्या, माणसे बिअरचा पेला बाजूला ठेवून नेम धरू लागली आणि हा प्रकार क्लब, लीग, ढाली आणि चषकांसह आजतागायत टिकला. कारण त्या बंदुकीत दारू नव्हती, नुसती हवा होती. या खेळाचे नाव 'बेल टार्गेट'. वरवर पाहता ही शुद्ध करमणूक. पण तिचा इतिहास चाळताना मला एक प्रश्न सतत समोर दिसत राहिला: कोणाच्या हातात बंदूक पाहून सरकार निर्धास्त राहते?

आधी खेळ समजून घेऊ. भिंतीशी लोखंडी चकती असलेली पेटी बसवलेली असते. चकतीच्या मध्यभागी एक इंचाच्या तीन अष्टमांश, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचे भोक. भोकाच्या मागे घंटा. नेमबाज साधारण वीस फुटांवर उभा राहतो. पबच्या खोलीत याहून लांब जायला जागा कुठली? छर्रा भोकातून आरपार गेला की घंटा वाजते आणि पाच गुण मिळतात. चुकला तर चकतीला फासलेल्या ओल्या पांढऱ्या रंगावर त्याची खूण उमटते. ती पाहून चार, तीन असे गुण द्यायचे आणि ब्रश फिरवून चकती पुन्हा कोरी करायची. कागद नको, मोजपट्टी नको, फारशी हुज्जतही नको. घंटा वाजली हे कोपऱ्यात बसून चणे-दाणे चघळणाऱ्यालाही कळते. वाजली नाही, हे तर सगळ्यांनाच कळते. या पबचा संघ त्या पबात जातो, पुढच्या खेपेला ते इकडे येतात. गावच्या भजनी मंडळांची चुरस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मंडळींची ओळख वेगळी करून द्यायला नको.

आता या गमतीची दुसरी बाजू. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी ब्रिटिश फौजेला मार दिला. जगभर राज्य करणाऱ्यांना जाणवले की आपल्या कारखान्यांतल्या, गिरण्यांतल्या तरुणांना नेमच धरता येत नाही. मे १९०० मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी देशभर रायफल क्लब निघावेत, धडधाकट माणसाला घराजवळ नेमबाजीची सोय असावी, अशी कल्पना जाहीर भाषणात मांडली. १९०१ मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था उभी राहिली. या चळवळीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स. कोलेन्सोच्या लढाईत त्यांचा हयात असलेला एकुलता मुलगा जबर जखमी होऊन दगावला होता. नेमबाजीचा त्यांचा आग्रह नुसता सेनापतीचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

क्लबांतल्या छोट्या रायफलींनाही काडतूस लागे, सुरक्षित जागा लागे. हवेच्या बंदुकीला दोन्हींची गरज नव्हती. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज या बंदूकवाल्याने १९०४ मध्ये अशा एका बंदुकीचे पेटंट घेतले आणि १९०५ पासून बीएसए कंपनी ती बनवू लागली. १८६१ मध्ये बंदूक-कारागिरांनीच एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले, सरकारी मागणी ओसरली आणि यंत्रांना काम हवे होते. बंदुकीची करामत साधी आहे. नळीखालची दांडी ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि कोंडलेली हवा छऱ्याला ढकलते. छर्राही खास, कमरेत बारीक, आपल्या डमरूसारखा. मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फाकून नळीला घट्ट बसतो आणि छर्रा सरळ जातो. धूर नाही, जाळ नाही, शेजाऱ्यांची झोपमोड नाही.

म्हणजे युद्धाच्या धास्तीने एक हौस पेरली, युद्धोत्तर मंदीने तिला अवजार दिले आणि लोकांनी तिचा खेळ करून टाकला. पुढच्या लढाईची तयारी म्हणून जे सुचवले गेले, त्यातून शनिवारची संध्याकाळ उगवली. मला यात लोकांचे शहाणपण दिसते.

पण हे शहाणपण सुचायला आधी बंदूक हातात यावी लागते. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने घराबाहेर बंदूक बाळगण्यासाठी वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना ठेवला. त्या कायद्याच्या व्याख्येत हवेची बंदूकही होती. परवाना टपाल कचेरीत मिळे. तो मुख्यतः कराचा मामला होता, चारित्र्याच्या तपासणीचा नव्हे. आठच वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्रबंदीचा कायदा आला. येथे परवाना म्हणजे कर नव्हता, संशय होता. येथल्या माणसाने शस्त्र बाळगायचे तर साहेबाची मर्जी हवी. युरोपियनांना मात्र सूट. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यामागे बंडाची भाषा नव्हती. आमच्यावर विश्वास का नाही, ही विचारणा होती.

आणि येथे रॉबर्ट्स पुन्हा भेटतात. त्यांचा जन्म १८३२ चा, कानपूरचा. १८८५ ते १८९३ ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते, म्हणजे मद्रासचा ठराव झाला तेव्हाही. ज्या साम्राज्याच्या रक्षणासाठी ते पुढे इंग्लंडच्या कामगाराच्या हाती रायफल देऊ पाहत होते, त्याच साम्राज्याला सोलापूरच्या गिरणी कामगाराच्या हातातल्या रायफलीची भीती वाटत होती. साम्राज्य एक, पण एकाला नेम शिकवायचा आणि दुसऱ्याला त्याची सवयही लागू द्यायची नाही. पबमधल्या त्या घंटेचा आवाज मोकळा वाटतो, पण ती वाजवण्याची मुभा सगळ्या प्रजेला सारखी नव्हती.

आपल्याकडे छऱ्याची बंदूक बहुतेकांच्या हाती आली ती जत्रेत. समोर फळीवर रांगेने फुगे, शेजारी नेम चुकला की 'नळीच वाकडी आहे' म्हणणारा मामा. फुगा फुटला की होणारा आवाज हीच आपली घंटा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हवेची रायफल तिथल्या स्पर्धांत आली. अंतर दहा मीटर, आणि दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पबच्या भोकापुढे हा ठिपका म्हणजे ताटाशेजारी मोहरी. २००० साली सिडनीला मुंबईची अंजली भागवत याच प्रकाराच्या अंतिम फेरीत उभी राहिली. ज्या मुलखातल्या लोकांचा हात शस्त्रापासून दूर ठेवण्यासाठी कायदा झाला होता, तिथली मुलगी जगातल्या पहिल्या आठांत होती.

बंदुकीचा खेळ होणे ही छोटी गोष्ट नाही. त्यासाठी राज्याचा आपल्या माणसांवर विश्वास लागतो आणि माणसांनाही तो पेलावा लागतो. मिडलँड्सच्या पबांत तो वीस फुटांच्या खोलीत मावला. आपल्याकडे त्याला फार लांबचा पल्ला गाठावा लागला.