बँक (इंग्रजी शब्द)

'बँक' हा इंग्रजी भाषेतील अनेकार्थी शब्द आहे. पैशांचे व्यवहार करणारी संस्था आणि नदीचा काठ हे त्याचे दोन प्रमुख अर्थ होत. यांखेरीज समुद्रतळावरील उंचवटा, वस्तूंची रांग, साठा, विमानाचे एका बाजूस कलणे अशा अर्थांनीही तो वापरला जातो. इंग्रजी शब्दकोशांत या अर्थांच्या स्वतंत्र नोंदी असतात. कारण ते वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या भाषांमार्गे इंग्रजीत आले. मात्र त्या सर्वांचे मूळ एकाच प्राचीन जर्मानिक धातूकडे जाते, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

व्युत्पत्ती

काठ: हा अर्थ इंग्रजीत सर्वांत जुन्या अर्थांपैकी आहे. तो मध्ययुगात स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आला. मातीचा उंचवटा किंवा उतार असा त्याचा मूळ आशय होता.

रांग: जुन्या फ्रेंचमधील 'बांक' म्हणजे बाकडे. वल्हेकऱ्यांच्या बाकड्याला हा शब्द लावला जाई. त्यावरून वल्ह्यांची ओळ आणि पुढे दिवे, स्विचे, उद्वाहने यांची रांग असा अर्थविस्तार झाला.

वित्तसंस्था: इटलीतील व्यापारी शहरांत नाणी बदलून देणारे सराफ बाकड्यावर किंवा मेजावर व्यवहार करीत. त्या बाकड्याचे नाव, म्हणजे इटालियन 'बांका' किंवा 'बांको', त्यांच्या व्यवसायाला मिळाले. हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत पोहोचला. मुळात इटालियननेही तो जर्मानिक भाषांतूनच घेतला होता.

उंचवट्यापासून फळी, फळीपासून बाकडे आणि बाकड्यापासून पेढी असा हा अर्थप्रवास सांगितला जातो.

संबंधित शब्द

बसण्याच्या बाकासाठीचा इंग्रजी शब्द 'बेंच' याच कुळातील आहे. मेजवानी या अर्थाचा 'बँक्वेट' हा 'लहान बाक' या अर्थाच्या शब्दावरून आला. भोंदू वैद्यासाठीचा 'माउंटीबँक' हा शब्द 'बाकावर चढणारा' अशा इटालियन शब्दप्रयोगावरून बनला. बाजारात बाकावर उभे राहून औषधे विकणाऱ्यांना तो उद्देशून होता. दिवाळखोर या अर्थाचा 'बँकरप्ट' हा इटालियन 'बांका रोत्ता', म्हणजे 'मोडलेले बाक', यावरून आला. दिवाळे निघालेल्या सराफाचे बाकडे खरोखरच मोडले जाई, अशी कथा प्रचलित आहे. तथापि 'मोडलेले' हा शब्द येथे केवळ लाक्षणिकही असू शकतो.

इतर अर्थ

* समुद्रतळाचा उथळ भाग: उत्तर समुद्रातील डॉगर बँक आणि कॅनडाजवळील ग्रँड बँक्स ही मासेमारीची प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळक्षेत्राला मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. या नावांचा वित्तसंस्थेशी संबंध नाही.
* प्रदेश: वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश.
* साठा: गरजेच्या वेळी वापरण्यासाठी केलेला संचय. 'ब्लड बँक' ही संज्ञा शिकागो येथील डॉक्टर बर्नार्ड फँटस यांनी 1937 मध्ये रूढ केली.
* क्रियापद: पैसे खात्यात भरणे, वळताना विमानाने एका बाजूस कलणे, विस्तव धगधगता राहावा म्हणून त्यावर राख किंवा कोळशाची भुकटी रचणे. 'ऑन' या शब्दासह 'भिस्त ठेवणे' असा अर्थ होतो.

मराठीतील वापर

मराठीत 'बँक' हा स्त्रीलिंगी शब्द (अनेकवचन: बँका) मुख्यतः वित्तसंस्था या अर्थाने रूढ आहे. नदीच्या संदर्भात काठ, तीर, तट हे शब्द वापरतात. पाटबंधारे खात्याच्या परिभाषेतील 'डावा तीर कालवा' हे त्याचे उदाहरण. साठा या अर्थी 'पेढी' हा जुना व्यापारी शब्द उपयोगात आणला गेला आणि रक्तपेढी, नेत्रपेढी असे शब्द तयार झाले.

शाळेतील बसण्याचे 'बाक' हा मराठी शब्द पोर्तुगीज 'बांको'वरून आला आहे. त्यामुळे 'बाक' आणि 'बँक' हे एकाच मुळाचे, पण वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आलेले शब्द ठरतात. 'पाठीला बाक येणे' यातील 'बाक' मात्र वक्रता दर्शवणारा, निराळ्या मुळाचा शब्द आहे.

भाषांतरातील महत्त्व

संगणकीय भाषांतरात शब्दाचा नेमका अर्थ ठरवण्याची अडचण समजावताना 'बँक' हे उदाहरण वारंवार दिले जाते. एखादी व्यक्ती 'बँकेवर बसली आहे' की 'काठावर', हे शब्दावरून नव्हे, तर संदर्भावरूनच कळते. नदी, मासेमारी, ठेव, व्याज यांसारखे आसपासचे शब्द योग्य अर्थाकडे निर्देश करतात. नकाशे आणि भौगोलिक नावे यांचे भाषांतर करताना ही दक्षता विशेष आवश्यक ठरते.

हेही पाहा

* अनेकार्थी शब्द
* आंग्रिया बँक
* व्युत्पत्तिशास्त्र
* हुंडी