खाणकामगारांचे गुडघे

इंग्लंडमधील लँकाशायर परगण्यात कोळशाचे काही थर इतके पातळ होते, की माणसाला तेथे उभे राहता येत नसे. कामगार गुडघे टेकून कोळसा फोडीत. अशा कामाने गुडघ्यावर बाहेरून येणाऱ्या सुजेबद्दल विसाव्या शतकाच्या आरंभापासून कायद्याने भरपाई मिळू लागली होती; सूज डोळ्यांना दिसत होती ना! सांध्याच्या आतली झीज मात्र कोणाला दिसत नव्हती.

मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. ते विरळ होते, हाडांच्या कडांवर टोके वाढतात, सांधा आखडतो व दुखतो. हा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. क्ष-किरण चित्रात कूर्चा उमटत नाही. दोन हाडांमधली फट किती उरली, यावरूनच तिचा अंदाज बांधावा लागतो.

मँचेस्टरच्या जोनास केलग्रेन व जॉन लॉरेन्स यांनी १९५२ मध्ये खाणकामगारांची अशी चित्रे समवयस्क इतर कष्टकऱ्यांच्या व कचेरीतील लोकांच्या चित्रांशी ताडून पाहिली. वय सारखे ठेवणे आवश्यकच होते, कारण ही झीज वयाबरोबर वाढतेच. खाणकामगारांच्या गुडघ्यांत ती अधिक आढळली. पण ‘अधिक’ म्हणजे किती? एकाच चित्राबद्दल दोन तज्ज्ञांची मते निराळी पडू शकतात. म्हणून १९५७ मध्ये या दोघांनी शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली. माझ्या मते त्यांचे हे काम अधिक मोलाचे. ती प्रतवारी आजही वापरात आहे.

शंका तरीही उरली: दोष कामाचा की शरीराच्या वजनाचा? अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराच्या अभ्यासासाठी लोकांची वजने नोंदली जात होती. त्यांतील अनेकांच्या गुडघ्यांची चित्रे १९८३ ते १९८५ या काळात घेतली. आरंभी सर्वांत वजनदार असलेल्या स्त्रियांत झिजेचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे वजन हे कारण खरेच. पण कामही सुटले नाही. १९९४ मधील एका ब्रिटिश अभ्यासात वजनाचा परिणाम वगळूनही, रोज अर्ध्या तासाहून अधिक वेळ गुडघे टेकणे किंवा उकिडवे बसणे धोक्याचे ठरले.

मग भरपाईला एवढा उशीर का? हा आजार खाणीत न उतरलेल्यांनाही होतो. अमक्याचा गुडघा खाणीनेच गेला, हे त्याच्या चित्रावरून सांगता येत नाही. तेथील सल्लागार मंडळाने यासाठी ‘दुपटीहून अधिक धोका’ ही कसोटी वापरली. समजा, शंभर इतर लोकांत दहा आजारी व शंभर खाणकामगारांत पंचवीस. या पंचवीसांपैकी पंधरा कामामुळे, म्हणजे निम्म्याहून अधिक. तेव्हा कोणाही एका आजारी कामगाराबाबत ‘कामामुळे’ हीच शक्यता जास्त. हे गणित वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे.

अखेर २००९ मध्ये, जमिनीखाली एकूण दहा वर्षे काम केलेल्यांसाठी हा व्यवसायजन्य आजार मानला गेला. तोवर ब्रिटनमधील बहुतेक खाणी बंद झाल्या होत्या. शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये मिटली. २०१० मध्ये यादीत गालिचे व फरशा बसवणाऱ्यांची भर पडली, अट वीस वर्षांची. गालिचा ताणून बसवण्याचे त्यांचे एक साधन तर गुडघ्यानेच ठोसा मारून पुढे ढकलायचे असते.