फातोर्डा: सत्याऐंशी मिनिटांनंतर

११ ऑक्टोबर २०१५. फातोर्डा, मडगाव. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून ०-४ हरतो. कोलंबियाचा स्टिवन मेंडोझा तीन गोल करतो. गोव्याचे कडेचे बचावपटू हल्ल्यासाठी वर चढतात, मागे मोकळी जागा उरते आणि मेंडोझा तिथेच धावत सुटतो. ही पहिली सूचना.

१७ नोव्हेंबर. तेच मैदान. गोवा ७, मुंबई सिटी ०. हाओकिपचे तीन, डूडूचे तीन. सात गोल झाल्यावर ऑक्टोबरातले चार कोणाला आठवणार? गोव्याचे प्रशिक्षक झिको खेळाची पद्धत बदलत नाहीत. बदलायला कारणही दिसत नाही.

साखळी संपते. १४ सामने, २५ गुण, गोवा अव्वल. केलेले गोल २९, सगळ्यांत जास्त. खाल्लेले २०. उपांत्य फेरीतल्या चार संघांत दिल्लीचेही तेवढेच. चेन्नईयिनचे फक्त १५. गुणतक्त्यात हे आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. वाचला जातो पहिला.

चेन्नईयिन मध्यंतरी तळाला होता. शेवटचे चार सामने सलग जिंकून तो वर आला आहे. प्रशिक्षक मार्को माटेराझ्झी, २००६ च्या विश्वविजेत्या इटलीचा बचावपटू.

१२ डिसेंबर. चेन्नईत पूर. चेन्नईयिनचा उपांत्य फेरीचा घरचा सामना पुण्यात, बालेवाडीला. कोलकात्यावर ३-०.

१५ डिसेंबर. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यातला, दिल्लीतला ०-१ चा पराभव गोवा फातोर्ड्यात ३-० ने फेडतो. हल्ला पुन्हा एकदा कामी येतो. अंतिम सामनाही फातोर्ड्यातच आहे.

२० डिसेंबर, रविवार. अंतिम सामना.

४५ वं मिनिट. ०-०.

५४ वं मिनिट. ब्रुनो पेलिसारी. चेन्नईयिन १-०.

५८ वं मिनिट. हाओकिप. १-१. चार मिनिटांत बरोबरी, म्हणजे पद्धत बरोबरच आहे असं वाटायला लावणारा गोल. माझ्या मते घात इथूनच सुरू झाला.

झिकोंना हे वळण ओळखीचं असायला हवं होतं. ५ जुलै १९८२, विश्वचषक, बार्सिलोनाचं सारिया मैदान. ब्राझीलला फक्त बरोबरी पुरेशी होती. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं. तेले सांताना यांचा संघ तरी पुढेच जात राहिला. ७४ व्या मिनिटाला पाओलो रोस्सीचा तिसरा गोल. इटली ३, ब्राझील २. त्या ब्राझीलचा १० नंबर झिकोंच्या अंगावर होता. त्या संघाचं कौतुक आजही होतं. उपांत्य फेरी मात्र इटली खेळली.

८७ वं मिनिट. जोफ्रेची फ्री किक. गोवा २-१. हंगामात पहिल्यांदाच करंडक हाताच्या अंतरावर. उरलेली मिनिटं तीन, वर पंचांनी दिलेला वेळ.

या वेळात काय करायचं, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं. चेंडू कोपऱ्यात न्यायचा. थ्रो-इनला वेळ लावायचा. सगळे मागे. पण अख्खा हंगाम ज्या संघाला पुढे जायला शिकवलं, त्याला तीन मिनिटांत मागे बसायला कोण शिकवणार?

९० वं मिनिट. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी. चेंडू त्याच्याकडून स्वतःच्याच जाळीत. नोंद: स्वयंगोल. २-२.

अजून काही बिघडलेलं नाही. जादा वेळेची ३० मिनिटं आहेत. तिथवर पोचायचं आहे, एवढंच.

९२ वं मिनिट. मेंडोझा. ३-२. त्याचा हंगामातला तेरावा गोल, फातोर्ड्यावरचा चौथा.

शिट्टी. आघाडी घेतल्यापासून पाच मिनिटांत गोवा हरलेला असतो.

यानंतर गोवा अंतिम सामन्यात पोचतो तो १७ मार्च २०१९ ला, मुंबई फुटबॉल एरिनावर. प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा, खेळ पुन्हा हल्ल्याचाच. समोर बेंगळुरू. जादा वेळेत १०५ व्या मिनिटाला अहमद जाहूला लाल कार्ड. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर, आणि मुंबईकर राहुल भेकेचं हेडर. ०-१.