भाव कुणाचा पडला?

कारखान्याचं विष जमिनीत मुरलं की आजूबाजूच्या घरांचा भाव पडतो, असं शिकलेले लोक सांगतात. खरं आहे. पण ज्याच्या नावावर घरच नाही त्याचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? यासाठी लव्ह कॅनालचा इतिहास आपण वाचला पाहिजे.

अमेरिकेत नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. तिथं हूकर या रसायन कंपनीनं १९४२ ते १९५३ या काळात एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात वीस हजार टनांवर विषारी घाण पुरली. वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा एका डॉलरला शाळामंडळाला देऊन टाकली. पुढं काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, हेही कागदावर लिहून घेतलं. तिथं शाळा झाली. भोवती कामगारांनी कर्ज काढून घरं घेतली.

विष तळघरांत झिरपलं. २ ऑगस्ट १९७८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तानं सांगितलं, गरोदर बाया आणि दोन वर्षांखालच्या पोरांनी इथनं निघावं. घरं मातीमोल झाली. गिऱ्हाईक नाही, हप्ते मात्र चालू. बाया रस्त्यावर उतरल्या. लोइस गिब्स ही साधी गृहिणी पुढं होती. सरकार झुकलं. कालव्यालगतची दोनशेवर घरं सरकारनं विकत घेतली, तीही विष नसतं तर जो भाव आला असता त्या भावानं. या लढ्याला आपला सलाम.

पण संघटनेचं नाव होतं घरमालक संघटना. जवळच ग्रिफन मॅनॉर ही सरकारी भाड्याच्या घरांची वस्ती होती. तिथं बहुतेक काळी माणसं. विष तेच. पण घर नावावर नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून नुकसानही नाही! त्यांना भाडेकरूंची वेगळी संघटना काढावी लागली. ज्या काळ्यांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांचेच हे भाऊबंद.

आपल्याला यात नवं काय? गावाची घाण वाहून येईल तिकडं आपला वाडा. त्या घरांचा भाव कुणी काढला होता?

आणि हे गावातच राहिलं नाही. मुंबईत माहुलला तेलशुद्धी कारखान्यांच्या शेजारी इमारती उभ्या आहेत. तिथल्या हवेनं लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलं होतं. तरी २०१७ पासून तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडून माणसं तिथंच नेऊन टाकली. लोक लढले, तेव्हा २०१९ साली उच्च न्यायालयानं त्यांना दुसरीकडं राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्या म्हणून सांगितलं.

लव्ह कॅनालला घराचा भाव पडला तेव्हा मालकाला बाहेर काढलं. माहुलला भाव नसलेली माणसं आत टाकली. म्हणून नुकसान मोजायचं तर आधी छातीतलं मोजा. फुप्फुसाला सातबारा लागत नाही.