उसन्या गाण्यांचा बँड आणि एक रेकॉर्ड

आमच्या जालन्यात 'बँड' म्हटले की लग्नाचा बँड आठवतो. लाल गणवेश, पितळी वाद्ये आणि मागे हातगाडीवर ठेवलेला कर्णा. सत्तरच्या दशकात मुंबईत याच शब्दाला दुसरा अर्थ आला होता. चार-पाच तरुण, विजेवर चालणाऱ्या गिटारी, ड्रम आणि इंग्रजी गाणी. 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' हा अशा बँडपैकी एक. बासगिटारवर कीथ कांगा, गायक मधुकर दास, गिटारवर नील चट्टोपाध्याय, ड्रमवर व्हॅलेंटाइन लोबो. या इंग्रजी गाणाऱ्या मंडळींचा मराठीशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे, पण तो रेकॉर्डच्या दुकानातून जात नाही, नाटकाच्या रंगमंचावरून जातो.

आधी त्या काळाची स्थिती पाहू. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. चांगले वाद्य मिळणे कठीण, आणि मिळाले तरी ते परवडणे त्याहून कठीण. कार्यक्रम मिळत ते हॉटेलांत, महाविद्यालयांत आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'सारख्या नाचघरांत. याच ठिकाणी १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले. नाचायला आलेल्या गिऱ्हाइकाला नवे गाणे नको असे. त्याला रेडिओवर ऐकलेले गाणे हवे असे, तेही हुबेहूब. त्यामुळे बँडची किंमत ठरे ती दुसऱ्याचे गाणे किती बरोबर वाजवले यावरून.

स्वतःच्या गाण्याला थोडी जागा मिळाली ती 'सिमला बीट' स्पर्धेत. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेली ही स्पर्धा. तिच्या १९७० आणि १९७१ सालच्या बँडच्या गाण्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. आज त्या काळाचा आवाज ऐकायचा तर हाच मोठा आधार. सिगारेट विकण्यासाठी काढलेली वस्तू इतिहासाचे साधन झाली, कारण गाणी जपण्यासाठी म्हणून वेगळे काही फारसे झालेच नाही.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टच्या वाट्याला एकच पूर्ण रेकॉर्ड आली. तिचे नाव 'ऑब्सेशन ७७'. नावात सत्त्याहत्तर असले तरी ती बाजारात आली १९८१ साली, तोवर बँड विखुरला होता. त्याच वर्षी १ मे रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन आमचा जालना जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याच्या जन्माचे राजपत्र सरकारी दप्तरात सापडते. या रेकॉर्डची नोंद ठेवणारे दप्तर मात्र कुठेच नव्हते.

रेकॉर्डवर उसनी गाणी आहेत, जिमी हेन्ड्रिक्सचे 'फॉक्सी लेडी'ही आहे. पण माझे लक्ष जाते ते शीर्षकाच्या रचनेकडे. ती रेकॉर्डवर दोनदा आहे, एकदा जलद आणि एकदा संथ. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, घरघरता केलेला. त्याखाली बास आणि ड्रमची नाचरी ठेक्याची चाल. जलद रूपात ठेका पुढे होतो, संथ रूपात त्याच सुरांना श्वास घ्यायला जागा मिळते. हा प्रयोग आपल्याकडच्या माणसाला परका वाटू नये. आमच्या भागात परण्या निघतो तेव्हा नवरदेवाच्या पुढे बँड संथ वाजवतो आणि चौकात पोरे नाचू लागली की तीच धून दुपटीने धरतो. ऐकणाऱ्यासाठी एक चाल, नाचणाऱ्यासाठी दुसरी. मुंबईच्या त्या तरुणांनी हॉटेलांतली नोकरी करता करता हीच गोष्ट शिकून घेतली आणि ती स्वतःच्या रचनेवर वापरली. केवळ नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

आता मराठीकडे येऊ. १९७४ साली अ‍ॅलेक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य केले. त्यात येशू झाले मधुकर दास, आणि जुडास झाले नंदू भेंडे. नंदू हे मराठी रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट आत्माराम भेंडे यांचे पुत्र. 'व्हेल्व्हेट फॉग' या बँडमधून गाणारे. चार वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' रंगमंचावर आणले. मूळ नाटक ब्रेख्तचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. त्यात लावणी आणि नाट्यसंगीत यांच्या शेजारी अंकुशच्या तोंडी पाश्चात्त्य ढंगाचे गाणे आले. अंकुश होते नंदू भेंडे.

मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी गाणाऱ्या बँडांत तयार झालेला गळा येथे मराठी शब्द घेऊन उभा राहिला, आणि तोही अशा प्रेक्षकांपुढे, जे स्लिप डिस्कची पायरी कधी चढले नसते. मराठीतले रॉक पुढच्या पिढीच्या बँडपासून मोजायची सवय आपल्याला लागली आहे. ते मोजणे १९७८ पर्यंत मागे न्यायला हवे, आणि त्याच्याही मागे उभी असलेली हॉटेलांतली, उसन्या गाण्यांची दहा वर्षे त्यात धरायला हवीत.

'ऑब्सेशन ७७' पुन्हा निघाली ती लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीकडून, तीस वर्षांनी. जी रेकॉर्ड आपल्या शहरात झाली, ती जपण्याचे काम परक्यांनी केले. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्या पिढीतले जे आहेत ते आता सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या माळ्यावर फिती आहेत, कार्यक्रमांची पत्रके आहेत, फोटो आहेत. नातवंडे घर आवरायला घेतील तेव्हा हे सगळे भंगारवाल्याच्या गाडीवर जाईल. लावणीच्या आणि नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जपणाऱ्या संग्राहकांची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. त्यांनी आपल्या कपाटातला एक कप्पा या बँडांसाठी मोकळा करावा, तोही याच दोन-चार वर्षांत.