सोंठीचे कात्रे, परळची प्रयोगशाळा आणि शरीराचा प्रदीर्घ लढा

मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचे चांपा हे स्टेशन आपल्या भगिनीवर्गाला कोशाच्या साड्यांमुळे ठाऊक असते. रेल्वेतल्या मराठी माणसांनी मात्र ते नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवे. चांपाजवळ सोंठी नावाचे गाव आहे. तेथे १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना झाली. स्थापना करणारे सदाशिव गोविंद कात्रे हे झाशीला रेल्वेच्या नोकरीत होते आणि स्वतः कुष्ठरोगी होते.

रोग कळला तशी जवळची माणसे दुरावली. रायपूरहून रस्त्याने बिलासपूरला जाताना बैतलपूर लागते. तेथील मिशनच्या कुष्ठ रुग्णालयात कात्रे उपचारासाठी आले आणि पुढे आपले उरलेले आयुष्य त्यांनी याच रोग्यांसाठी वेचले. १९७७ साली ते गेले. त्यांच्या हयातीतच अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्या कामात आले आणि जन्मभर तेथेच राहिले. बापटांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान करण्यात आले.

सेवेची ही गाथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. या लेखात तिची दुसरी बाजू मांडायची आहे. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दहा जणांपैकी एकालाच हा रोग का होतो? शरीर कुठे कमी पडते? मी काही डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ आणि पूल सांभाळणारा माणूस. पण हा प्रश्न डोक्यात शिरला आणि वाचता वाचता धागा थेट मुंबईच्या कर्करोग रुग्णालयापर्यंत गेला. तोच येथे देत आहे.

जंतू तोच, माणसे निराळी

नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा जंतू विलक्षण संथ आहे. इतर सामान्य जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात. शिवाय तो राहतो कुठे, तर जंतूंना गिळून टाकणाऱ्या आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात आणि नसांच्या आवरणात. म्हणजे चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड केले म्हणायचे!

आपल्या प्रतिकारशक्तीचे ढोबळमानाने दोन विभाग आहेत. एक विभाग रक्तात प्रतिपिंडे सोडतो. दुसरा विभाग टी पेशींचा. या पेशी इतर पेशींची झडती घेतात, आत शत्रू दडला असेल तर ती पेशी मारतात किंवा भक्षक पेशींना जागे करतात. कुष्ठाचा जंतू पेशींच्या आत असल्याने प्रतिपिंडांचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. खरे काम टी पेशींचे. ज्यांच्या टी पेशी जोरात असतात त्यांच्या अंगावर एखाद-दुसरा बधिर चट्टा उठतो आणि त्यात जंतू शोधूनही सापडत नाहीत. ज्यांच्या टी पेशी या एका जंतूपुरत्या गप्प बसतात, त्यांच्या त्वचेत जंतूंची अगणित वाढ होते. गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात, पण ती कामाची नसतात. रिडली आणि जॉपलिंग या डॉक्टरांनी १९६६ साली या दोन टोकांमधल्या पायऱ्या मांडल्या. जंतू एकच असतो. रोगाचे रूप शरीर कसे उत्तर देते यावर ठरते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की सुमारे पंचाण्णव टक्के माणसांना हा रोग होतच नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्ती उपजतच त्याला पुरून उरते. बाबा आमटे यांनी कलकत्त्याला कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असताना संशोधनासाठी स्वतःच्या शरीरात हे जंतू टोचू दिले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्यांना रोग झाला नाही. धैर्य बाबांचे होतेच, पण शरीराची बाजूही भक्कम होती.

परळचा वारसा

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तंबाखूपासून घट्ट धोतर नेसण्यापर्यंत आपल्या लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध तपासण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. या केंद्रात कर्करोगाच्या जोडीने त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यासही चालू ठेवला.

वरवर पाहता हे विचित्र वाटते. कुठे कर्करोग आणि कुठे कुष्ठ! पण दोन्हींत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी नको असलेली गोष्ट शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते आणि पहारेकरी असूनही तिला कोणी हाकलत नाही.

खानोलकरांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे, पुण्याच्या, पूर्वाश्रमीच्या समर्थ. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, ही जगाची अडचण होती आणि आजही आहे. १९५८ साली डॉ. सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवून दाखवला. (हे बापट निराळे, सोंठीचे निराळे.) केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हणू लागले. पुढे ध्यानात आले की हा मूळ कुष्ठजंतू नव्हे, त्याच घराण्यातला दुसरा जंतू आहे. तरी तो उपयोगी होता. कुष्ठजंतू पाहून गप्प बसणाऱ्या टी पेशी या भाऊबंदाला पाहून जाग्या होतील काय, असा विचार पुढे आला. डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी हा जंतू मारून त्याची लस केली. कुष्ठाचे जंतू न ओळखणाऱ्या अनेक रोग्यांची त्वचेवरची चाचणी या लशीनंतर पालटली, म्हणजे शरीर त्यांना ओळखू लागले. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

लशीची मोठी परीक्षा तामिळनाडूच्या चेंगलपट्टू भागात झाली. १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार लोकांना वेगवेगळ्या लशी किंवा नुसते निरुपद्रवी द्रावण टोचण्यात आले. डॉ. गुप्ते आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली निष्कर्ष मांडले. बीसीजीने ३४.१ टक्के, तर मुंबईच्या आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. आकडा चांगला होता. पण तोवर तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती देशभर पोहोचली होती, रोगी झपाट्याने बरे होत होते, आणि ही लस सर्रास वापरात आली नाही.

थकलेल्या पेशी

आता कर्करोगाकडे वळू. साधा ताप आला तर टी पेशी भराभर वाढतात, काम संपवतात आणि बहुतेक मरून जातात. थोड्या उरतात त्या आठवण म्हणून. पण शत्रू महिनोन्‌महिने गेलाच नाही तर? १९९० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की अशा वेळी टी पेशी जिवंत असतात, जागेवर असतात, पण हळूहळू काम सोडतात. याला शास्त्रज्ञ ‘थकवा’च म्हणतात. रात्रंदिवस घंटा वाजत राहिली तर केबिनमधला माणूसही तिच्याकडे लक्ष देईनासा होतो, तसेच हे.

या पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचे एक प्रथिन असते. जपानच्या क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला ते १९९२ साली सापडले होते. ते पेशीचा ब्रेक आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकून अमेरिकेत स्थिरावलेले रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की जुनाट विषाणूसंसर्गात हा ब्रेक सोडवला की थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. कर्करोगाच्या गाठीही हाच ब्रेक दाबून धरतात. तो सोडवणारी औषधे निघाली आणि २०१८ चे नोबेल पारितोषिक होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना मिळाले. जुनाट संसर्ग आणि कर्करोग यांच्यातले जे साम्य परळला एका छताखाली अभ्यासले जात होते, त्याला असा रेणूंच्या पातळीवर आधार मिळाला.

मात्र ब्रेक उगाच बसवलेला नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. टी पेशी वर्षानुवर्षे पूर्ण जोराने लढत राहिल्या तर आपलेच अवयव जाळतील. कुष्ठरोगात हे डोळ्यांनी दिसते. उपचार चालू असताना कधी कधी प्रतिकारशक्ती एकदम उसळते, नसा सुजतात आणि हातपाय लुळे पडू शकतात. तेव्हा स्टेरॉइड देऊन तिला आवरावे लागते. कर्करोगातही ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी फुफ्फुस, आतडी, थायरॉइड यांवर शरीर स्वतःच हल्ला करू शकते. शक्ती आणि आवर, दोन्ही हवेत.

आपल्या अंगणात

ही औषधे अतिशय महाग आहेत. येथेही टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनी आपली वाट काढली. डोके आणि मान या भागाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. तोंडाच्या गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या एक दशांशाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून फक्त २० मिलिग्रॅम दिले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, हे औषध मिळालेल्यांत ४३.४ टक्के. टी पेशी शरीराबाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडण्याचा उपचारही मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारकाच्या साथीने विकसित केला आणि त्याला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली.

तोंडाचा कर्करोग आपल्याला परका नाही. गुटखा आहेच, शिवाय छत्तीसगडात सकाळी दातांना गुडाखू लावल्याशिवाय दिवस सुरू न होणारी घरे आपण पाहतो. उपचार कितीही पुढे गेले तरी तो डबा फेकून देणे सर्वांत स्वस्त.

आणि कुष्ठरोग? देशपातळीवर डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी हे उद्दिष्ट गाठले गेले, पण आपले छत्तीसगड मागे राहिलेल्या राज्यांत होते आणि रोग येथून गेलेला नाही. १८९८ चा लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडले. जोडीदाराला कुष्ठ आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ साली गेली. कायदे बदलले, मनाचे काय? काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका ट्रॅकमनच्या दंडावर चट्टा आला. ऊन तापलेल्या रुळाला हात लागून फोड आला तरी त्याला कळले नाही. औषध सुरू झाले, तो कामावर होता, पण गँगमधल्या कित्येकांनी त्याच्या कॅनमधले पाणी घेणे बंद केले. पूर्ण बरा झाल्यावरही ते पाणी कित्येक महिने तसेच परत घरी जात असे.

औषधाचे पहिले डोस पोटात गेल्यावर काही दिवसांतच रोग्याकडून लागण होण्याची शक्यता जवळजवळ संपते. बाकीच्यांच्या टी पेशी आधीच पहाऱ्यावर असतात. म्हणजे शरीराला जे ठाऊक आहे, ते आपल्याला ठाऊक नसते! कात्र्यांच्या सहकाऱ्यांना हे कोणी सांगितले असते तर कदाचित त्यांना एवढे एकटे पडावे लागले नसते.

तेव्हा वाचकहो, अंगावर बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर लपवू नका. कुष्ठाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आपल्या हाताखालच्या माणसालाही हे सांगा आणि तो उपचार घेत असेल तर त्याच्या कॅनमधले पाणी सर्वांसमक्ष प्या. विघ्नहर्त्याच्या मांडवात आपण सारे एका पंगतीला बसतो. ती पंगत वर्षभर टिकावी, एवढीच प्रार्थना.